झिंग्याची साल आणि बाबांच्या पायातला स्क्रू

आमच्या घरी देवघराच्या फळीवर, अगरबत्तीच्या पुड्याशेजारी, मधाची एक रिकामी बाटली आहे. तिच्यात बाबांच्या नडगीतून काढलेली आठ भोकांची प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. २०१७ च्या दिवाळीनंतर बाबा धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवरून पडले, नडगी मोडली, प्लेट बसली. सहा महिन्यांनी नडगीवर बारीक तोंड पडून पू यायला लागला. औषधांनी दबायचा, पुन्हा यायचा. शेवटी हाड जुळल्यावर प्लेट काढली आणि डॉक्टरांनी ती गॉजमध्ये गुंडाळून बाबांच्या हातात दिली. पाव्हणे आले की बाबा अजूनही बाटली खळखळ वाजवून दाखवतात. म्हणतात, "माह्या पायाले हे लोखंड लागलंच नाही."

आम्ही सगळे तेच म्हणायचो. अन्न अंगी लागतं तसं लोखंडही अंगी लागतं किंवा लागत नाही, ज्याचं त्याचं नशीब. एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा सरांनी दिलेल्या यादीत 'धातूच्या इम्प्लांटवर कायटोसानचा लेप' असं एक वाक्य होतं. इम्प्लांट म्हणजे शरीरात बसवायची प्लेट, स्क्रू वगैरे, आणि कायटोसान म्हणजे झिंग्यांच्या सालीपासून बनवतात तो पदार्थ. यादीतले बाकीचे विषय पाण्याच्या तपासणीचे होते. त्या वर्षी अर्ध्या वर्गाने बोअरवेलचं फ्लोराइड मोजलं. मी बाटली आठवून लेप घेतला.

पहिला धक्का वाचतानाच बसला. बाबांची प्लेट ३१६ एल स्टीलची, तसं तिच्यावर कोरलेलंच आहे. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल, २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. क्रोमियममुळे वर ऑक्साइडचा इतका पातळ पडदा तयार होतो की तो दिसत नाही, पण शरीरातल्या खारट पाण्यापासून धातूला तोच वाचवतो. म्हणजे धातू तसा गरीब असतो, कोणाच्या अध्यातमध्यात नसतो. शरीर त्याला लगेच ओळखतही नाही. प्लेट आत गेली की काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं तिच्यावर बसतात, आणि पुढे येणाऱ्या पेशींना भेटतो तो हा प्रथिनांचा थर. त्याच वेळी जंतूही आलेले असतात. १९८७ साली अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. आधी आपल्या पेशी पोचल्या तर त्या जागा धरतात. जंतू आधी पोचले तर ते स्वतःभोवती चिकट पापुद्रा विणतात, आणि त्या पापुद्र्याखाली औषध नीट पोचत नाही. आमच्या भागात हे समजवायला कष्ट पडत नाहीत. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, दान सुटल्यावर पहिल्या काही हातांत जी जोडी पुढे निघते, तिचाच पट.

म्हणजे बाबांच्या पायाला लोखंड लागलं नव्हतं असं नाही. लोखंडावर दुसरंच कोणी आधी बसलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "एकच झालं ना बाई."

लेपाचा हेतू एवढाच, की धातूचा कणखरपणा आत ठेवायचा आणि वरून शरीराच्या ओळखीचं काहीतरी पांघरायचं. कोलॅजन, जिलेटिन, हायलुरोनिक ॲसिड, अल्जिनेट, रेशमातलं फायब्रॉइन, आणि कायटोसान. आमच्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होणाऱ्या टसरच्या कोशातल्या फायब्रॉइनमध्ये तर पेशींना धरायला जागा देणारा तीन अमिनो आम्लांचा एक तुकडा मुळातच असतो, तुतीच्या रेशमात तो नसतो. मला तेच करायचं होतं. पण फायब्रॉइन विरघळवायला लागणारी रसायनं आमच्या कॉलेजच्या कपाटात नव्हती आणि बजेटमध्येही नव्हती. कायटोसानला लागतात झिंगे, ॲसिड आणि कॉस्टिक सोडा. झिंगे आमच्याकडे नवेगाव बांधाच्या आणि इटियाडोहच्या पाण्याचे, वाळवून आठवडी बाजारात ढीग लावून विकायला येतात.

मी अर्धा किलो घेतले. ढिवरीण मावशी मापाने ओतता ओतता म्हणाली, "इतके झिंगे कायले बाई, लगन हाय का घरी?" कॉलेजच्या कामाला असं सांगितल्यावर तिने वरून मूठभर जास्तीचे टाकले. शिक्षणाला म्हणून.

पुढचा आठवडा प्रयोगशाळेत कोणी माझ्याजवळ बसलं नाही. आधी हायड्रोक्लोरिक ॲसिड, सुमारे ४ टक्क्यांचं. सालीतलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि दूध उतू जावं तसा फेस वर येतो. मी ५०० मिलीच्या बीकरमध्ये केलं आणि फेस ओट्यावरून थेट माझ्या चपलेवर. धुऊन घेतलं की ४ टक्क्यांचा कॉस्टिक सोडा, ८० अंशांवर दोन तास, प्रथिनं काढायला. आख्खे झिंगे घेतल्यामुळे प्रथिनं भरपूर, पाणी चहासारखं झालं, तीन वेळा बदलावं लागलं. उरलं ते कायटिन, बुरसट गुलाबी. खरी परीक्षा त्यानंतर: ५० टक्क्यांचा कॉस्टिक, शंभर अंशांवर कित्येक तास. त्यात कायटिनवरचे ॲसिटिल गट निघतात आणि मोकळे अमिनो गट राहतात, तेव्हा कुठे ते कायटोसान होतं. ५० टक्के कॉस्टिकचा एक थेंब हातमोज्याच्या वरून मनगटावर उडाला, त्याचा डाग अजून आहे. चष्मा घातला नसता तर काय झालं असतं याचा मी विचार करत नाही.

अर्ध्या किलोतून हाती आले २१ ग्रॅम. मळकट पांढरे पापुद्रे, वास जवळजवळ नाही. त्यातले चिमूटभर एक टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये टाकून रात्रभर ढवळत ठेवले. सकाळी बीकरमध्ये पेजेसारखं घट्टसर, जवळपास पारदर्शक द्रावण होतं. मलमलच्या फडक्यातून गाळलं. मला उगाच रडू आलं, थकल्यामुळे असेल.

धातूचं मात्र सोपं वाटलं आणि तिथेच फसले. गावच्या भंगारवाल्याकडून स्टीलच्या पट्ट्या आणल्या. चुंबक चिकटला नाही म्हणून ३१६ समजून घेतल्या. सर हसले. चुंबक ३०४ नंबरच्या स्टीललाही चिकटत नाही, आपल्या घरच्या भांड्यांनाही बहुधा चिकटत नाही. शेवटी नागपूरहून दाखल्यासकट ३१६ एलचा पत्रा आणि टायटॅनियमचा एक छोटा तुकडा मागवला. टायटॅनियमबद्दल सर मोठ्या प्रेमाने बोलायचे. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या हाडात रक्तप्रवाह बघायला टायटॅनियमची कुपी बसवली, प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर ती निघेना, हाडाने तिला धरून ठेवलं होतं. दातांच्या इम्प्लांटची सुरुवात तिथून.

पट्ट्या पॉलिश पेपरने घासायच्या, मग ॲसिटोन, अल्कोहोल, डिस्टिल्ड वॉटर. यासाठी लागणारं अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणारं, यंत्र कॉलेजात नाही. ते आमच्या तालुक्याच्या सोनाराकडे आहे, पायली धुवायला. त्याने दोन दिवस दुपारच्या वेळी वापरू दिलं. बाजूला कोणाची तरी काळी पडलेली पायल, इकडे माझ्या पट्ट्या. अट एकच, ॲसिड त्यात टाकायचं नाही.

आता लेप. पट्टी द्रावणात बुडवून हळूच वर काढायची, इतकंच वाचलेलं. पण हात थरथरतो, आणि प्रत्येक थरथरीची आडवी रेघ लेपावर उमटते. खालच्या काठाला जाड थेंब साचतो तो वेगळाच. पट्टी एकसारख्या वेगाने वर काढणाऱ्या यंत्राची किंमत ऐकून ते सोडून दिलं. युक्ती सुचली ती बाबांच्या दवाखान्यातल्या दिवसांवरून. पट्टी हलवायची कशाला, द्रावणच खाली जाऊ द्या. सलाईनची १०० मिलीची रिकामी बाटली घेतली, तिचं बूड कापलं, उलटी टांगली, तोंडाला सलाईनचा संच लावला. पट्टी दोऱ्याने बाटलीत लटकवली, द्रावण ओतलं आणि चाकी फिरवून मिनिटाला ६० थेंब लावले. २० थेंबांचा एक मिली धरला तर त्या बाटलीत पातळी मिनिटाला साधारण दोन मिलीमीटर उतरते. एक टक्का कायटोसानचं द्रावण नळीतून सरकेना, म्हणून अर्धा टक्का केलं. लेप असा गुळगुळीत आला की उजेडात धरल्यावर पट्टीवर निळसर जांभळी छटा दिसायची. मी त्या बाटलीचा फोटो अख्ख्या वर्गाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पट्टी ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ३७ अंशांवर ठेवली आणि दुपारपर्यंत ती कोरी. लेप गायब, पाणी किंचित बुळबुळीत. चूक माझीच होती. ॲसेटिक ॲसिडमधून वाळलेलं कायटोसान क्षाराच्या रूपात राहतं आणि ते परत विरघळतं. आधी सौम्य कॉस्टिकमध्ये बुडवून ते उदासीन करावं लागतं. केलं. तर लेप आकसला, आणि स्टीलवरून कडेकडेने सुटत सापाच्या कातीसारखा अख्खा निघून आला. चिमट्यात धरून मी तो खिडकीत वाळत घातला, काय करायचं सुचलं नाही म्हणून.

इथे एक गोष्ट मनाला लागली ती सांगते. कायटोसान जंतू मारतं असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मारतं, कारण आम्लात त्याच्या अमिनो गटांवर धन भार असतो आणि जंतूंचा पृष्ठभाग ऋण. पण हा भार साधारण ६.५ सामूच्या (पीएचच्या) वर उतरत जातो, आणि रक्ताचा सामू ७.४. उदासीन केलेल्या लेपाकडे परीक्षानळीतल्या द्रावणाइतका जोर कुठून येणार? अहवालात मी ते वाक्य तीनदा खोडलं आणि शेवटी 'काही प्रमाणात' लावून ठेवलं. मैत्रिणी म्हणाल्या, उगीच स्वतःचे मार्क कापतेस.

मध्ये पंधरा दिवस विजेच्या मागे गेले. कायटोसानच्या द्रावणात दोन पट्ट्या, त्यांत वीज सोडायची, धन भाराचं कायटोसान ऋण टोकाकडे जातं आणि तिथे बसतं, कारण त्या टोकाशी पाणी फुटून सामू वाढतो. पहिल्या दिवशी मी वायरी उलट्या जोडल्या. लाल वायर चांगली, अशी काहीतरी समजूत. माझी पॉलिश केलेली पट्टी झिजून खरबरीत झाली आणि द्रावण पिवळं-तपकिरी. शरीरात जाऊ नये म्हणून ज्या निकेल-क्रोमियमची एवढी काळजी, ते मी स्वतःच्या हाताने बाहेर काढलं होतं. वायरी सुलट केल्यावर लेप बसला, पण ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि ते लेपाची चाळणी करतात. व्होल्ट कमी केले, थोडं अल्कोहोल मिसळलं, भोकं कमी झाली. गेली नाहीत. मी परत माझ्या सलाईनच्या बाटलीकडे आले.

सुटणाऱ्या लेपाचं उत्तर घरात मिळालं असं म्हटलं तर गोष्ट छान होईल, पण उत्तर सरांनीच दिलं: मध्ये टॅनिक ॲसिडचा थर देऊन बघ. घरात फक्त ते पटलं. माय लोणच्याला आवळे चिरत होती आणि विळ्याचं पातं काळं पडत होतं. ते काळं म्हणजे आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड यांची बांधणी, राखेने घासल्याशिवाय सुटत नाही. स्टील-टायटॅनियमवर असं काळं पडत नाही, पण टॅनिन त्यांच्या ऑक्साइडलाही धरतं आणि दुसऱ्या हाताने कायटोसानला. पट्ट्या किंचित अल्कधर्मी टॅनिकच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या. सकाळी त्यांना अगदी पुसट तांबूस झाक होती. वर कायटोसान, मग कॉस्टिक. कडा उचलल्या नाहीत.

चिकटपणा बघायला ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून २५ चौकोन पाडायचे, वर टेप चिकटवून झटक्यात ओढायची. पूर्वी २५ च्या २५ टेपवर यायचे. आता टायटॅनियमवरून दोन आले, स्टीलवरून सहा. मिठाच्या पाण्यात तीन आठवडे लेप टिकला, थोडा फुगला. तीन नमुने नागपूरला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवले, तीनचेच पैसे होते. लेपातून वीज वाहत नाही म्हणून फोटो काढण्याआधी त्यावर सोन्याचा थर देतात, हे मायला सांगितलं, तर ती सोनं परत देतात का म्हणून विचारत होती.

प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फोटो बघितले, मान हलवली आणि विचारलं, "निर्जंतुक कसं करणार?" मी म्हटलं, ऑटोक्लेव्ह. "केलं?" नव्हतं केलं. त्या रात्री घरी एक पट्टी कुकरमध्ये वाफवली. कुकरच्या दाबाला आत साधारण १२० अंश असतात, ऑटोक्लेव्हला १२१. लेप पिवळा पडला आणि एका कोपऱ्यातून पापडासारखा वळला. म्हणून अशा वस्तूंना वायूने निर्जंतुक करतात, ते नंतर वाचलं. मायने तो कुकर चार वेळा घासला आणि माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही.

प्रोजेक्ट जमा झाला, पण एक किडा डोक्यात राहिला होता. माझ्या सगळ्या पट्ट्या सपाट होत्या. पायात जातात ते स्क्रू. बाटलीतला एक मागितला तेव्हा बाबा आधी नाही म्हणाले, मग मीही येतो म्हणाले. स्क्रू उकळला, सोनाराकडे धुतला, टॅनिक, कायटोसान, कॉस्टिक. परत कोणाच्या अंगात जायचा नव्हताच, काढलेला स्क्रू दुसऱ्यांदा वापरत नाहीत. बॉटनीच्या कपाटातून इओसिन हे रंगद्रव्य आणलं. ते कायटोसानला धरतं, त्यामुळे जिथे लेप तिथे गुलाबी. स्क्रूच्या आट्यांच्या खोबणीत लेप जाड बसला होता आणि कडांवर पातळ. पट्टीवर हे कधी दिसलंच नसतं.

रविवारी मटणाच्या दुकानातून बकऱ्याची नळी आणली. साडेचार मिलीमीटरच्या स्क्रूला ३.२ चं भोक पाडतात, ते सुताराच्या ड्रिलने पाडलं. डोक्यात साडेतीनची एलन की बसली. अंगणात खाटेवर बसून बाबांनी नळी गुडघ्यांत धरली आणि स्वतःच फिरवायला घेतलं. मी म्हटलं हळू. ते म्हणाले, "माह्या पायात घातला तवा कोन हळू म्हनलं."

स्क्रू आत जाऊ लागला तसा भोकाभोवती हाडाचा ओला भुगा गोळा झाला. भुगा गुलाबी होता.

उलटा फिरवून बाहेर काढला. आट्यांच्या कडा लख्ख, धातू उघडा. खोबणीत गुलाबी शाबूत. डोक्याखाली अर्धवट. बाबांनी तो उन्हात धरून बराच वेळ फिरवून पाहिला, नखाने खोबणीतलं खरवडून पाहिलं, निघालं नाही. "कडचं हाडानंच खाल्लं," म्हणाले. मी वहीत काढत होते, कोणत्या आट्याला किती उरलं. भोक थोडं मोठं घेतलं तर कमी घासेल, पण मग हाडाची पकड ढिली होईल.

"दुसरा हाय का रंगवलेला?" त्यांनी विचारलं. ड्रिल सुताराला संध्याकाळपर्यंत परत द्यायचं होतं. मी बाटली उघडली.